गाडी नवीन, ड्रायव्हर जुना

हिंजवडीच्या पलीकडे आमची सोसायटी आहे. बिल्डरने फ्लॅटबरोबर आम्हाला हिरवळही विकली. ती कापायची कोणी, हे त्याच्या माहितीपत्रकात नव्हतं. मग सोसायटीने गवत कापायची गाडी घेतली, चारचाकी, बसून चालवायची. अध्यक्षांनी फीत कापली. गवत तेव्हापासून माळीकाका कापतात.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीनंतर काही दिवसांतच तिचं स्टिअरिंग जड झालं. वळणावर काका सीटवरून अर्धे उठून दोन्ही हातांनी चाक ओढायचे. तरी गाडी उशिरा वळे आणि कडेची सदाफुली गवतात जमा होई. अध्यक्षांनी लांबूनच निदान केलं.

"गाडी नवीन आहे. ड्रायव्हर जुना आहे."

रविवारच्या बैठकीत काकांच्या जागी तरुण माणूस नेमायचा विषय येणार होता. वाईट हे की काकांनाही ते पटलं होतं. दंडाला बाम चोळत ते मला म्हणाले, "ताई, हातात जोर ऱ्हायला नाय. वय हाय."

माझी सगळी नोकरी वाहनांच्या कारखान्यात, स्टिअरिंगच्या तपासणीवर गेली. चाक फिरत नसेल तर चालकाचा जन्मदाखला मागायची पद्धत तिथे नव्हती. शनिवारी सकाळी मी काकांना सांगितलं की आधी गाडीचं बघू, वयाचं नंतर.

अध्यक्ष चालायला निघाले होते. त्यांना मुद्दाम सीटवर बसवून चाक फिरवायला लावलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण मत बदललं नाही. भारी गाड्यांना थोडा घट्टपणा असतोच, म्हणाले. आणि उतरून तिथेच थांबले.

किल्ली काढून घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढच्या टायरांत हवा कमी होती, ती भरली, फरक नाही. मग माझ्या कारचा जॅक लावून पुढची बाजू उचलली. चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग हलकं झालं असतं तर दोष टायरांचा किंवा जमिनीचा. ते तसंच जड राहिलं. मग स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारे दांडे सोडवले. आता पुढची चाकं हाताने फिरवून पाहिली, तर घरचं दार उघडावं तशी फिरली. म्हणजे चाकं निर्दोष. अडचण दांड्यांच्या वर, स्टिअरिंगच्या मुळाशी, जिथे एक लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी पट्टीवर फिरतं.

चटई टाकून खाली शिरले, टॉर्च मारला. दात्यांमध्ये नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला गेला होता. त्यात वाळलेला झेंडू आणि हळदकुंकू, सगळं ग्रीसमध्ये मळलेलं.

त्या खंडेनवमीला गाडीची पूजा झाली होती. मैदानाला एक फेरी मारायची होती आणि तिचा व्हिडिओ निघणार होता. हार वाटेत पडू नये म्हणून अध्यक्षांनी त्याचं टोक स्वतः वाकून खाली कुठेतरी पक्कं बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी वरचा हार कापून टाकला. खालच्या गाठीची आठवण कोणाला राहणार? व्हिडिओत ती दिसत नव्हती.

ब्लेडने दोरा कापला, चिमट्याने ओढून काढला, दाते रॉकेलने धुतले, नवं ग्रीस भरलं, दांडे जोडले. हाती आलेला गोळा मी अध्यक्षांपुढे धरला.

"हे काय आहे?"

"आपण घातलेला हार."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग फोन आल्यासारखं करून गेले. रविवारी बैठकीत पार्किंगवर चर्चा झाली, लिफ्टवर झाली, ड्रायव्हरवर झाली नाही.

त्या शनिवारी अध्यक्ष गेल्यावर काकांनी गाडी जॅकवरून जमिनीवर घेतली आणि सवयीने दोन्ही हातांचा जोर लावला. गाडी गर्रकन वळून जवळजवळ माझ्या चटईवर आली. ते थांबले, आपल्या हातांकडे बघितलं. पुढची फेरी एका हाताने मारली; दुसऱ्या हाताने निवांत कान खाजवत होते.

यंदाच्या खंडेनवमीला अध्यक्ष तेवढाच मोठा हार घेऊन आले. बॉनेटकडे वाकणार, तेवढ्यात काकांनी सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"साहेब, हितं घाला. आन् गाठ मी मारतो."

अध्यक्षांनी तिथे घातला.