शंभराच्या आत

माझे सासरे दिवसातून दोनदा तीन मजले उतरून विजेचा मीटर वाचायला जात. दुपारी बाराला एकदा आणि चारला एकदा. बाराला खाली जाण्याआधी ते घरातला मेन स्विच पाडत. मग कमरेवर हात ठेवून मीटरसमोर उभे राहत, आणि त्याचा लाल दिवा लुकलुकताना दिसला की पार्किंगमधूनच ओरडत, "सूनबाई, काय लावलंस?" मी गॅलरीत येऊन सांगायची, "काही नाही लावलं, नाना." मग ते धापा टाकत वर येत. मेन स्विच बंदच असे. "माझे पाय वाजले की बंद करतेस," ते म्हणत.

नाना मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर तिथला सगळा कडक कारभार त्यांनी कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत आणला. महिन्याचं बिल शंभर युनिटांच्या आत यायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. शंभराच्या वर दर चढतो. "शंभरापर्यंत आपण गिऱ्हाईक, पुढे आपण बकरे," असं ते आल्यागेल्याला सांगत. पाहुणा बिचारा पंख्याकडे बघत मान डोलवायचा.

इस्त्री माळ्यावर गेली. शर्ट गादीखाली घडी घालून ठेवायचे. फ्रीज उघडायला गेलं की मागून आवाज येई, "आधी ठरव काय काढायचंय, मग दार उघड." मी घरी ब्लाउज शिवते. शिलाई मशीनची मोटर त्यांनी स्वतः पान्याने सोडवली आणि म्हणाले, "देवाने पाय दिलेत ना?" पुढची सगळी वर्षं मी पायांनी मशीन मारलं. बारा ते चार फ्रीजसुद्धा बंद. मे महिन्यात खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे आणि गॅलरीत शेजारच्या घरतांच्या दोन एसींची गरम हवा येई. ब्लाउजपीसवर घामाचे डाग पडू नयेत म्हणून मी मनगटाला रुमाल बांधून बसायची. बाहेरच्या खोलीत नाना घोरत असत.

एवढं करून बिल यायचं तीनशेच्या पुढे! दर महिन्याला! नाना बिल हातात घेऊन माझ्याकडे बघत. ओरडत नसत तेव्हा ते जास्त लागायचं. "माणूस खोटं बोलेल, मीटर नाही बोलणार," एवढंच म्हणत. माझे यजमान ऐरोलीच्या थंडगार ऑफिसातून फोनवर सांगत, "टेन्शन नको घेऊस गं, वय झालंय त्यांचं." थंड हवेत माणसाला असं समजूतदार बोलता येतं. पण एकदा रात्री जेवताना तेही म्हणाले, "थोडा वेळ लावत असशील तर सांगून टाक ना, मी नानांना समजावतो." मी ताट तसंच ठेवून उठले. पंख्यावाचून मी जगत होतेच. पण ही खोटं बोलत नाही, असं त्या घरात एकाने तरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. अशी नऊ वर्षं गेली.

मग घरतांनी तिसरा एसी घ्यायचं ठरवलं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा वायरमन खाली गेला आणि त्याने घरतांच्या मीटरचा फ्यूज काढला. इकडे माझा मिक्सर चटणी अर्धी वाटून थांबला. मी दार उघडून बाहेर आले, तर घरतांचा टीव्ही जोरात चालू. वायरमन जिन्यातून वर येत म्हणाला, "भाभी, आपका लाइट गया क्या? मैंने तो इनका निकाला." दोन मिनिटं तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "पट्टी उलटी लगी है. इनका मीटर आपके नाम पे, आपका इनके नाम पे."

मी जिन्यातच बसले आणि रडले. घरतकाकू मूळच्या इथल्याच गावातल्या, मनाने मोकळ्या. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आमचं बिल कमीच येयाचं गो बाय. मना वाटला, आमचा मीटरच चांगला हाय."

नाना आंघोळ करून निघत होते. त्यांना मी तसंच, खांद्यावर पंचा असताना खाली नेलं. वायरमनला तीनदा फ्यूज काढून लावायला सांगितलं. तीनदा आमचं घर बंद पडलं आणि घरतांचं चालू राहिलं. वर आल्यावर नाना घरतांच्या दारात गेले आणि त्यांची जुनी बिलं मागून आणली. चष्मा लावून एकेक बिल वाचू लागले. "ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. हे बघ, मे महिना, सत्त्याण्णव! सगळी शंभराच्या आत, सूनबाई!" त्यांचा चेहरा दहावीत पहिल्या आलेल्या मुलासारखा फुलला होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

"आणि माझं काय, नाना?" मी विचारलं.

त्यांनी बिलं खाली ठेवली. मी म्हटलं, "उद्यापासून दुपारी माझ्या खोलीत पंखा चालणार." ते म्हणाले, "लाव."

पुढे मीटरवरच्या नावांच्या पट्ट्या बदलल्या, फरकाच्या पैशांचंही घरतांनी आपणहून मिटवलं. नाना त्या उन्हाळ्यानंतर फार राहिले नाहीत. दिवाळीच्या आधीच गेले. पण पंख्याची ती पहिली दुपार मला लख्ख आठवते. मी दार लोटून पंखा लावला, आडवी झाले आणि सुखाचा श्वास घेतला. तेवढ्यात नाना चटई घेऊन दारात. "चालूच आहे तर दोघांना पुरेल," म्हणाले आणि माझ्या मशीनशेजारी आडवे झाले. खरं सांगते, मला रडूच आलं. सुटले म्हणावं तर सासरे खोलीत.

बराच वेळ दोघंही पंख्याकडे बघत पडून होतो. मग त्यांनी विचारलं, "सूनबाई, इतक्या वर्षांत एकदा तरी चोरून लावला होतास का गं?"

"एकदाही नाही."

त्यांनी डोळे मिटले. झोपले असं मला वाटलं.

"लावायला हवा होतास," ते म्हणाले. "मी लावायचो. तू ब्लाउज द्यायला बाहेर पडलीस की दहा मिनिटं. मग बिल आलं की छातीत धस्स व्हायचं, आपल्यामुळेच वाढलं म्हणून. आणि तोंडातून तुझं नाव निघायचं."

मला त्यांचा इतका राग आला, की त्या क्षणी चटईसकट त्यांना बाहेर काढावंसं वाटलं. पण त्यांनी कूस भिंतीकडे वळवली होती, आणि सदरा पाठीला घामाने चिकटला होता. मी उठले आणि पंखा तिनावरून पाचावर केला.