वत्सलेची तिसरी टोपली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याहून भाचीचा फोन आला. "मामा, आई गेली." मी बडनेऱ्याला गाडी पकडली.

वत्सला माझी धाकटी बहीण. जठारपेठेत तिचे फुलांचे दुकान होते. लहानपणापासून तिचे डोळे अधूनमधून पिवळे होत. आई त्याला कावीळ समजे. जाणत्याकडून काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घाली आणि घरभर तेल-हळद बंद करी. लग्नाच्या हळदीला बायका म्हणाल्या, पोरीच्या डोळ्यांतसुद्धा हळद चढली. सगळ्या हसल्या. तीही हसली.

पुढे अशक्तपणा वाढला, तेव्हा मी तिला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी समजावले : रक्तातली तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते. म्हातारी झाली की ताठरते, पोटातल्या पानथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, अरुंद वाटांतून तिला निघता येत नाही; तिथेच ती मोडली जाते आणि तिच्या रंगातून पित्ताचा पिवळा रंग होतो. वत्सलेच्या पेशी जन्मतःच गोल, ताठर. पानथरी त्यांना तरुणपणीच म्हाताऱ्या समजत होती.

वत्सला म्हणाली, "दादा, आमी शिळी फुलं काढून टाकतो. हे पानथरी ताजीच टाकून राहिली. पण तिचा काय दोष? तिले तशीच दिसतात."

पानथरी काढावी, असे डॉक्टरांचे मत पडले. मात्र तीच रक्तातले जंतूही गाळते. म्हणून पुढे जन्मभर साध्या तापालाही तत्काळ दवाखाना गाठावा लागणार होता. वत्सलेने बरेच दिवस टाळले. मुलीला कडेवर घेऊन दुकानाची पायरी चढवेना, तेव्हा तयार झाली. शस्त्रक्रियेनंतर डोळे स्वच्छ झाले. आरसा खाली ठेवून तिने मला विचारले, "पाह्य बरं दादा, निघाली का लग्नातली हळद?"

मी निघाली म्हणालो.

तापाचा नियम तिने वर्षानुवर्षे पाळला. यंदा झेंडूची गर्दी होती. अंग तापले, तेव्हा मुलीला म्हणाली, "दसरा तं होऊ दे." दसरा झाला…

परवा दुकानात गेलो. फुलवाल्यांकडे निवडताना दोन टोपल्या असतात, ठेवायची आणि टाकायची. अमरावतीहून आल्यापासून वत्सला तिसरी ठेवत असे. शिळे वाटलेले फूल आधी तिच्यात जाई. देठ दाबून पाहिल्यावाचून ती एकही टाकत नसे.

भाची खाली मान घालून निवडत होती. तिसरी टोपली भरली होती. मी स्टूल ओढून बसलो. कडा काळवंडलेला एक झेंडू उचलला, देठ दाबला. घट्ट होता.