नवरदेवाच्या लेकी

माझ्या होणाऱ्या बायकोचा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मावशीने चष्मासुद्धा लावला नाही. दिसण्याचं काय करायचंय, मारकी नाही ना, एवढंच तिने विचारलं. मावशी शेळ्या पाळते, आणि तिच्या मते माणसं शेळ्यांहून फारशी वेगळी नसतात, फक्त दूध देत नाहीत.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी. त्यांना जगात सगळं सरळ रेषेत लागतं. शेळीची पाठ कापड बेतायच्या टेबलासारखी सपाट हवी, पाय काटकोनात, कास वर बांधलेली. मावशीला फक्त बादली कळते. त्यामुळे गोठा एक आणि पक्ष दोन.

भांडणाचं मूळ होतं नवरदेव, काकांचा लाडका बोकड. तुकतुकीत अंग, ताठ मान, प्रदर्शनांत मिळालेल्या फितींनी भरलेली भिंत. त्याच्या लेकीही देखण्या निपजायच्या आणि दुधाच्या नावाने ठणठणाट. उलट मावशीची ढब्बी. तिची पाठ जुन्या सोफ्यासारखी खचलेली, पण अर्धी गल्ली तिचं दूध प्यायची. ढब्बीला बाहेरच्या बोकडापासून झालेला नर म्हणजे वाकड्या. पाठ आईवर गेलेली.

वाकड्या वयात आला आणि प्रश्न उभा राहिला. दोन बोकड एका गोठ्यात नांदत नाहीत, आणि त्यांच्या वासाने दूधही उग्र लागतं. एकाला खाटकाकडे जावंच लागणार होतं. शेवटी जेवताना ठरलं की प्रदर्शनात ढब्बी नवरदेवाच्या लेकीच्या, परीच्या, पुढे गेली तर वाकड्या राहील, नाहीतर जाईल. मावशीने शब्द दिला. बाईचं डोकं फिरलंय असं मला तेव्हाच वाटलं.

प्रदर्शनाच्या सकाळी कुणी धार काढत नाही. कास भरलेली, गोल दिसावी म्हणून दूध तसंच ठेवतात. मावशीला हा चावटपणा वाटायचा, पण वाकड्यासाठी तिने तोही गिळला. नेमकं पाहुण्यांचं भाषण लांबलं. पाहुण्यांना थांबायला कुणी सांगेना आणि ढब्बीचं दूध थांबेना. कास लालबुंद झाली, सडांतून थेंब गळायला लागले, मागचे पाय फाकवून ती ओरडत राहिली. शेजारी परी तेवढीच भरलेली कास मिरवत निवांत रवंथ करत होती आणि काका कात्रीने तिचे केस सारखे करत होते.

परीक्षक दोन शेळ्या पलीकडे होते. मावशीने पाण्याची बादली ओतून दिली, भर मैदानात उकिडवी बसली आणि धार काढायला लागली.

"बाई, आता मी बघू काय?" परीक्षक म्हणाले.

"तिला ठणका लागलाय," मावशी मान वर न करता म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा, तिचं मी बघते."

बादली काठोकाठ भरली. ढब्बीची कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली आणि पहिली फीत परीला मिळाली. येताना मी मावशीवर खूप चिडलो.

घरी आल्यावर काका स्वतः परीची धार काढायला बसले. तिचीही सकाळपासून राहिली होतीच. बराच वेळ झटापट केली, तरी भांड्याचा तळ जेमतेम झाकला. कास मात्र होती तेवढीच टम्म. आत दूध नव्हतंच, नुसतं मांस होतं. मावशीने दारातून पाहिलं आणि ती वाकड्याला पाला टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी खाटीक आला. शब्द दिला होता, म्हणून मावशीनेच वाकड्याला बाहेर आणलं. काकांनी तिच्या हातातली दोरी घेतली, वाकड्याला परत बांधलं आणि नवरदेवाला सोडून आणलं. खाटीकही गोंधळला. असा बोकड कापायचा कशाला, पैदाशीसाठी कुणीही आनंदाने घेईल, असं तोच म्हणायला लागला.

"घेईल रे," काका म्हणाले. "आणि मग याच्या लेकी कुणाच्या तरी गळ्यात पडतील."

ज्याला जन्मभर शिव्या घातल्या त्या बोकडाच्या गळ्यात पडून मावशी हमसाहमशी रडली. त्या दिवशी सगळ्या शेळ्यांची धार काकांनी काढली.