लाल टिकलीचा मीटर

तार जोडायच्या आधी वैनी ती मीटरला लावायच्या. मग नाकावर घसरलेला चष्मा वर सारून म्हणायच्या, "मिस्त्री, तारेला विचारलं का?" गिऱ्हाईक घाईत असो, नवरा जेवायला हाक मारत असो, आधी मीटर. शाहूपुरीत त्यांच्या दुकानासमोर तुम्ही कधी गाडी लावली असेल, तर हे ऐकलं असणारच.

दुकान नवरा-बायकोचं. नवरा गाडीचे टेप आणि स्पीकर विकायचा. दुरुस्तीच्या टेबलाला वैनी. आयटीआय करून आलेल्या. टेबलावर बुद्धाची पितळी मूर्ती आणि तारांना डाग देताना जळणाऱ्या राळेचा कायम वास. मी, म्हणजे मिस्त्री, त्याच फुटपाथवर गाड्यांचं वायरिंग करायचो. शाळा दुसरीपर्यंत. हात चांगला होता, तोंड त्याहून मोठं. "बाईमाणसाकडनं वायर शिकायची पाळी माझ्यावर आली न्हाई," असं मी चहाच्या टपरीवर सांगायचो. टपरी त्यांच्यापासून दहा पावलांवर, त्यांना ऐकू जायचं. तरी चहा मागवताना त्या माझाही कप सांगायच्या. तोही मी प्यायचो.

कॅसेटच्या दिवसांतली गोष्ट. बिद्रीकडचा एक ऊस वाहतूकदार नवी जीप घेऊन आला. चार स्पीकर, एक अँप्लिफायर, सगळा माल वैनींच्या दुकानातला. म्हणाला, हे काम बघतो, जमलं तर बाकीच्या तीन गाड्याही तुझ्याकडंच. मी चारही स्पीकरच्या तारा एकत्र पिळून एकाच जागी दिल्या. आवाज असा आला की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला. मालक खूश. पावण्यांना ऐकवायला कसबा बावड्याला गेला, आणि तासाभरात परत आला. अँप्लिफायर जळाला होता.

"मालच खोटा हाय," मी म्हणालो, आणि ती पेटी घेऊन मालकासकट वैनींच्या दुकानात शिरलो. नवरा गांगरला. वैनी उठल्या, जीपपाशी गेल्या, स्पीकरच्या तारांना मीटर लावला आणि सुई बघितली. मग माझ्याकडं बघितलं. चूक कुणाची ते मला तेव्हाच कळलं. मालक आम्हा दोघांची तोंडं बघत होता. वैनींनी एक शब्द उच्चारला असता तर त्या तीन गाड्या गेल्या असत्या, आणि शाहूपुरीतलं माझं नावही.

"पावणं, मशीनचा आणि स्पीकरांचा मेळ बसला न्हाई," वैनी म्हणाल्या. "संध्याकाळी या. मशीन मी नीट करते, जोडणी मिस्त्रीच करतील."

मालक गेल्यावर त्यांनी माझ्या हातात एक स्पीकर दिला. "मागं काय लिवलंय?"

मी डोळे बारीक करून वाचल्यासारखं केलं. "चांगल्या कंपनीचा हाय."

स्पीकर मी उलटा धरला होता. त्यांच्या ध्यानात आलं, पण त्या हसल्या नाहीत.

"मिस्त्री, वाढपी एक. चार पंगती एकदम वाढ म्हणल्या तर?"

"आडवा हुईल."

"तेच झालंय. चार स्पीकर शेजारी-शेजारी जोडलं की विजेला हुणारा विरोध पार कमी हुतो, आणि चौघं मिळून मशीनला ओढत्यात. आता दोन-दोनच्या जोड्या करा. जोडीतले दोन एकामागं एक. मग त्या दोन जोड्या शेजारी. मशीनला वाटतंय, एकच स्पीकर हाय."

"पण हे कळायचं कसं?" मी विचारलं. असा प्रश्न मी त्याआधी कुणाला विचारला नव्हता.

त्यांनी पर्समधून लाल टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर चिकटवली. "विरोध कमी असला की सुई पुढं पळत्या. टिकलीच्या पुढं गेली तर जोडायचं न्हाई. अलीकडं राहिली तर बिनघोर जोडा. आकड्याकडं बघायचं कामच न्हाई." मीटर माझ्याकडं सरकवत नवऱ्याला म्हणाल्या, "जुना हाय, नुसता पडून हुता." पडून कुठला, सकाळीच तो त्यांच्या हातात होता.

संध्याकाळी मालकासमोर जोडणी मी केली. तिन्ही गाड्या आल्या, त्यांच्यामागं आणखी आल्या. त्या कामावर माझं घर उभं राहिलं. टिकली सुटली की मी मीटर पुढं करायचो, वैनी न बोलता नवी लावायच्या. एकदा टपरीवाल्यानं विचारलं, "मीटरला टिकली कशाला रं?"

"नजर लागू नये म्हणून," मी म्हणालो.

दुकानातून वैनींचा आवाज आला, "लागत्या की. मिस्त्रींचा हातच तसा हाय."

पुढं गाड्या कंपनीतूनच टेप घेऊन यायला लागल्या. दुकानातली गर्दी आटली. मग वैनी आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. विहारात पुण्यानुमोदन होतं. एकेक जण उठून त्यांच्याविषयी बोलत होता. बिद्रीचा मालकही उठला, डोकं पांढरं झालेलं. "ह्यांच्या दुकानापायी मला मिस्त्री गावला," तो म्हणाला. "माणूस हट्टी, पण त्याच्या हातनं कधी मशीन जळालं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एक पाऊल पुढं आलो.

"एक जळालं," मी म्हणालो. "तुमचंच. माल चांगला हुता, चूक माझी हुती. मला इंग्रजी वाचता येत न्हाई. ते वैनींनी वळखलं. तुम्हाला सांगितलं न्हाई, आणि मला कधी बोलून दाखवलं न्हाई."

मग मालक म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं कामं त्यांनी केली म्हण की."

"कामं मीच केली," मी म्हणालो. "शिकवलं त्यांनी."

मालकानं सरकून सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली. आल्यापासून मी मागंच उभा होतो, वैनींच्या फोटोपर्यंत गेलोच नव्हतो. आता गेलो, वाकलो, आणि मग येऊन त्याच्या शेजारी बसलो.