दिव्या आली की नेट येतं

थेरगावात डांगे चौकाच्या आतल्या गल्लीत कुसुमताईंचं तीन मजली घर आहे, आणि गेलं वर्षभर त्या घराचं नेट सारखं जात असे. जात असे म्हणजे पुढे पुढे कुसुमताईच ते घालवत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आपण ही गोष्ट सगळ्यांपासून फार हुशारीने लपवली आहे असा त्यांचा समज होता आणि तो साफ चुकीचा होता.

ही गावातली जुनी माणसं. जमीन कधीच गेली, तिच्यावर आता सोसायट्या उभ्या आहेत. कुसुमताईंचे यजमान अर्जुनराव पिंपरीतल्या एका कंपनीतून रिटायर झाले, आलेल्या पैशातून वर खोल्या चढवल्या आणि चाकणला शिफ्टमध्ये कामाला जाणारी मुलं भाड्याने ठेवली. एकुलता एक मुलगा निरंजन चाकणच्याच एका कारखान्यात नेटवर्कचं काम बघायचा. तिथे नवी फायरवॉल आली आणि जुनी भंगारात निघाली. फायरवॉल म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि कंपनी यांच्या मधे बसलेला राखणदार डबा. निरंजनने साहेबांची परवानगी घेतली आणि डबा घरी आणला. तो लालभडक बघून कुसुमताई म्हणाल्या होत्या, "ह्ये काय आणलंस रं, शेगडी हाय का?"

निरंजनने त्या डब्याचं कंपनीतलं सगळं शिक्षण पुसून टाकलं, त्यात दुसरी फुकटातली सिस्टीम घातली आणि राखणदाराला घरकामाला लावलं. डब्याला चार पोर्ट होते. कुसुमताई त्यांना खाचा म्हणत. प्रत्येक खाचेवर निरंजनने पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून पेनाने लिहिलं: बाहेर, आई-बाबा, वरचे, मी. बाहेरची वायर पहिल्या खाचेत, टीव्हीची दुसऱ्या, भाडेकरूंची तिसऱ्या आणि त्याच्या स्वतःच्या खोलीची चौथ्या. दिसायला सगळं टापटीप होतं. पण डब्याला एक खोड होती. बंद होऊन परत चालू झाला की तो आतल्या आत खाचांचा क्रम बदलून बसायचा. बाहेरच्या खाचेला टीव्ही समजायचा, टीव्हीच्या खाचेला भाडेकरू. वायरी पट्ट्यांप्रमाणे बरोबर लागलेल्या असत आणि नेटचा पत्ता नसे.

"वर्गात हजेरी घेतात ना आई, तसं आहे," निरंजनने सांगितलं होतं. "आमचा हा मास्तर रोल नंबर बघतच नाही. जो आधी 'हजर' ओरडेल तो याच्यासाठी पहिला."

"मग मास्तराला सांग की नीट."

"सांगतो. रविवारी बसतो निवांत."

लाईट जाऊन आली की तो खाली बसून वायरी इकडच्या तिकडे करायचा आणि तेवढ्यापुरतं भागवायचा. रविवार बरेच आले, निवांत एकही आला नाही. मधे साखरपुडाही झाला. मुलगी त्याच्याच खात्यातली, निगडी प्राधिकरणातली, दिव्या. दोघं एकाच बसने कंपनीत जायची. कार्यालय ठरलं, शालू घेऊन झाला. आणि एका संध्याकाळी रात्रपाळीची बस चुकली म्हणून निरंजन मोटरसायकलवरून निघाला, ते चाकण-तळेगाव रस्त्यावर एका कंटेनरखाली गेला. यापुढे त्याबद्दल कुसुमताई काही बोलत नाहीत, आपणही नको बोलायला.

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी लाईट गेली आणि आली. नेट आलं नाही. खालच्या घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, टीव्ही लागतच नव्हता. पण वरच्या खोलीतला रोहिदास, लातूरकडचा पोरगा, जिन्यात घुटमळत उभा राहिला. "काकू, राग मानू नका ओ. नेट गेलंय. गावाकडं आईशी व्हिडिओवर बोलतो मी, म्हणून म्हणलं." डब्यातलं कळणारं माणूस कुसुमताईंच्या ओळखीत एकच उरलं होतं.

दिव्या आली. फरशीवर बसली. वायरी काढून घालून बघता बघता नेट आलं. मग तिथेच भिंतीला टेकून ती डब्याच्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिली. कुसुमताईंनी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "नाही आई." त्या घरात महिनाभर शेजाऱ्यांकडून येणाऱ्या जेवणावर भागत होतं. त्या दिवशी कुसुमताईंनी कणीक मळली, वांग्याला फोडणी दिली. अर्जुनरावही पानावर येऊन बसले आणि दिव्या उठेपर्यंत हात धुवायला उठले नाहीत.

त्यानंतर लाईट जाण्याची त्या घरात कुणी वाट बघत असेल, असं महावितरणला स्वप्नातही वाटलं नसेल. लाईट जायची, डबा बहकायचा, अर्जुनराव फोन लावायचे, "दिव्या, बेटा, नेट गेलंय बघ." कामावरून सुटून ती डांगे चौकात उतरायची. येताना अर्जुनरावांना आवडणारी भेळ आणायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "आता ती कोण लागती वं तुमची?" सून म्हणावं तर अक्षता पडल्या नव्हत्या. लेक म्हणावं तर तिची आई निगडीत धडधाकट होती. कुसुमताई म्हणायच्या, "नेटवाली हाय."

मग एकदा रोहिदासचं आईशी बोलणं तुटू नये म्हणून दिव्या येताना एक बॅटरी घेऊन आली आणि डब्याला जोडून गेली. काय जोडलं ते कुसुमताईंना नीट कळलं नाही. एवढंच कळलं की त्यानंतर लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि रोहिदास काही जिन्यात दिसेना. पोरीचं येणं थांबलं. कुसुमताईंचा जीव कासावीस झाला. नुसतं 'ये' म्हणून बोलवायचं कुठल्या तोंडाने? तिच्या घरचे स्थळं बघत असणार. तेव्हा एका दुपारी त्या डब्याच्या मागे वाकल्या, बोटाने चाचपून बटण शोधलं, दाबलं, आणि परत दाबलं. मग जिन्यातून वर बघत म्हणाल्या, "रोहिदास, नेट गेलं का रं तुमचं?"

एवढा साळसूद आवाज त्यांनी आयुष्यात काढला नसेल.

तर असं वर्ष गेलं. आणि या वेळी दिव्या फोन न करताच आली. खांद्याला लॅपटॉप होता आणि भेळ नव्हती. अर्जुनरावांना नमस्कार करून ती म्हणाली, "बाबा, माझं ठरलं. मुलगा हैदराबादला असतो. पुढच्या महिन्यात लग्न आहे." अर्जुनरावांनी दोनदा "चांगलं झालं" म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला. कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनाही आनंद झाला, खोटं का बोला. पण त्यांची नजर आधी डब्याकडे गेली.

"जायच्या आधी एवढं करून जाते," म्हणत दिव्या डब्यापुढे बसली. कुसुमताई तिच्या शेजारी फरशीवर टेकल्या. दिव्याने लॅपटॉप जोडला आणि ती एकेक वायर काढून पुन्हा लावून बघू लागली, पडद्यावर कुठली ओळ हलते ते.

"प्रत्येक पोर्टला कारखान्यातून निघतानाच एक पक्का पत्ता दिलेला असतो, आई. डबा कितीदा बंद करा, तो बदलत नाही. आता मी नावं त्या पत्त्यांना बांधून टाकते. कोण आधी ओरडतं याचा संबंधच नको." तिने एकेक पत्ता लिहून त्यापुढे नाव घातलं. बाहेर. आई-बाबा. वरचे. चौथ्याशी ती थांबली. "ही वायर काढू का? त्या खोलीत आता काही चालू नसतं."

"न्हाई."

"नाव?"

"हाय तेच ऱ्हाऊ दे."

दिव्याने 'मी' लिहिलं. मग डबा बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दर वेळी नेट मुकाट्याने जागेवर आलं.

"एवढंच काम व्हतं?" कुसुमताईंनी विचारलं.

"एवढंच."

"मंग आदी का न्हाई केलंस गं?"

दिव्या वायर गुंडाळत बसली. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळली. "त्याचं राहिलेलं काम होतं. मी पुरं केलं असतं, तर मला इथे बोलावलं असतं का कुणी?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि आई, बॅटरी लावल्यापासून लाईट गेली तरी डबा बंद पडत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं."

कुसुमताईंचा चेहरा लालेलाल झाला. "तुला ठावं व्हतं?"

"बॅटरीनंतर पहिल्यांदा आले ना, तेव्हाच कळलं. मी मनात म्हटलं, बरं झालं."

दोघी आधी हसल्या. मग कुसुमताईंनी तिला जवळ ओढलं, आणि वर्षभर नेटच्या नावाखाली जे थोपवून धरलं होतं ते सगळं दोघींच्या डोळ्यांतून वाहून गेलं. अर्जुनराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ओटीचं ताट कुसुमताईंनी तांदूळ, नारळ, खण घालून, आज ना उद्या हे होणारच म्हणून, आधीच फळीवर तयार ठेवलं होतं, पण मन धजत नव्हतं. ज्या घरात असं झालं तिथली ओटी नव्या संसाराला चालेल का, तिच्या आईला काय वाटेल, या विचाराने त्यांनी त्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. दिव्या पाणी प्यायला आत गेली, तिने फडकं उचललं आणि ओढणी पसरून उभी राहिली. कुसुमताईंनी ओटी भरली. तांदूळ थोडे खाली सांडले.

गल्लीच्या वळणापर्यंत दिव्या दिसत होती. मग रिक्षा आली आणि ती गेली.

कुसुमताई आत आल्या. अर्जुनरावांनी टीव्ही लावला होता, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. कुसुमताई डब्याच्या मागे वाकल्या आणि बटण दाबलं. दिवे विझले. परत दाबलं. थोड्या वेळाने पहिल्या खाचेचा दिवा लागला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्याचा लागायचं काही कारण नव्हतं. टीव्हीवरचं थांबलेलं चित्र पुन्हा हलू लागलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सगळं जागच्या जागी आलं. तिसऱ्यांदाही आलं.

जिन्यातून रोहिदासचा आवाज आला, "काकू, नेट सारखं जातंय का ओ? दिव्याताईला फोन लावू का?"

"नको रं," कुसुमताई बटणावरचा हात न काढता म्हणाल्या. "आलंय. आता न्हाई जायचं ते."