कासिमभाईंची साथ

अंबरपेठेतल्या घरी नात मानेला पावडर लावते आणि त्या वासासरशी मी गौलीगुड्यातल्या शाळेच्या पटांगणात जाऊन बसतो. तबल्याला हात लावण्याआधी कासिमभाई तळव्यांना अशीच पावडर चोळत.

तिथे दर महिन्याला आमच्या मराठी मंडळाची मैफल असे. भजन, कव्वाली, तेलुगू बुर्रकथा, सगळे एकाच सतरंजीवर. मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा गेला, आम्ही इथे हैदराबादेतच राहिलो आणि मंडळाच्या अध्यक्षांना भाषेचा उमाळा आला. पुढच्याच मैफलीत गळ्यातला हार न काढता त्यांनी जाहीर केले, की यापुढे मंचावर फक्त मराठी कलाकार बसतील. मराठीची थोरवी मात्र त्यांनी अस्खलित उर्दूत सांगितली, कारण शिक्षण त्याच भाषेत झालेले.

पहिले गाणे माझ्या आत्याचे होते. ती तंबोरा घेऊन फाटकाकडे पाहत बसली.

"सुरू करा, ताई," अध्यक्ष म्हणाले.

"तबला कुठाय?"

"आपले मास्तर आहेत की."

"ते वाजवतात. साथ करत नाहीत." मग तिने फाटकाकडे हाक मारली, "कासिमभाई, उधर कायकू खडे? आओ!"

तेव्हा मला ती नुसती हट्टी वाटली. गाण्यासाठी तिला दुसरा मंच नव्हता आणि होता तोही गमावायच्या तयारीने ती बसली होती, हे आज कळते.

कासिमभाई आले, त्यांनी हातोडीने तबला सुरात आणला आणि अदबीने विचारले, "साब, कौनसी जबान में बजाऊं?"

अध्यक्ष गळ्यातला हार काढेपर्यंत आत्याने षड्ज लावला होता.