कप्तानाचा वाटा

वीस वर्षं मालवाहू जहाजांवर विजेचं काम करून बाउरो गावी परतला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन पेट्या, एक दुखरा गुडघा आणि ‘जहाजावर’ हा शब्द आला. पेट्या आठवड्याभरात नातेवाइकांत रिकाम्या झाल्या. गुडघा आणि शब्द कुणीच मागितले नाहीत, म्हणून ते त्याच्यापाशी राहिले. भात वाढला की जहाजावरचा भात निघायचा, होडीत बसला की जहाजावरचं इंजिन. त्याचा चुलतभाऊ कामोरिकी म्हणायचा, “बाउरो जहाजावरून उतरला, पण जहाज अजून बाउरोवरून उतरायचंय.”

माणूस वाईट नव्हता. कुणाचा सौरदिवा बिघडला तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. दुरुस्तीला पाच मिनिटं आणि दिवा का बिघडला हे सांगायला पाऊण तास, एवढीच काय ती किंमत. त्याला थोडं उंच दिसायची हौस होती, आणि त्याचा जन्म नेमका अशा बेटावर झाला होता, जिथे पूर्वजांनी राजा होण्यालाच बंदी घालून ठेवली होती. इथे घराचं छप्पर शेजाऱ्याच्या छपरापेक्षा वीतभर वर गेलं तरी जाणारा-येणारा थांबून वर बघतो, आणि काही न बोलता पुढे जातो.

गावानं मानेआबाच्या, म्हणजे सभेच्या मोठ्या छपरावर उपग्रहाची तबकडी बसवली तेव्हा बाउरोचे दिवस आले. बावीस घरांना मिळून एकच नेट. रविवारी प्रार्थना सुटली की जवळजवळ सगळी घरं एकदम परदेशातल्या लेकरांना फोन लावायची, आणि कुणालाच काही धड दिसायचं नाही. बाउरोची मुलगी रुइता ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्या काचघरांत कामाला होती. तिथेच तिला मुलगी झाली. त्या नातीचा बाउरोला आतापर्यंत एक डोळा दिसला होता, मग बराच वेळ तोच डोळा, आणि एकदा कान. पुढच्या महिन्यात, एका रविवारी, तिचा पहिला वाढदिवस होता. पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचा सोहळा. तो एकदा अख्खा दिसावा, एवढंच बाउरोला हवं होतं.

तो मानेआबात उभा राहिला. “जहाजावर आम्ही चोवीस जण होतो आणि नेट एकच. राउटरला सांगून ठेवलं की तो वाटणी करतो. कुणी हावरटपणा केला तरी त्याला त्याच्या वाट्यापलीकडे मिळत नाही.”

“राउटरला नातेवाईक नाहीत वाटतं,” एक म्हातारा म्हणाला.

सगळे हसले, बावीस सारखे वाटे ठरले, आणि राउटर बाउरोच्या हाती आला. मग बाउरोनं आपली हुशारी पुढे सरकवली. “ज्या घरात त्या वेळी कुणी वापरत नसेल, त्याचा वाटा राउटर आपोआप बाकीच्यांना देईल. म्हणजे नेई मारावांच्या घरी फोनच नाही, तर—”

नेई मारावा, म्हणजे मारावाबाई, खांबाला टेकून तंबाखू वळत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, नात्यानं बाउरोची लांबची आजी. “माझ्या तोंडात दात नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून शार्क कापताना माझा वाटा तू खातोस का रे?”

“तसं नाही आजी. तुमचा वाटा नुसता पडून राहील.”

“पडू दे. माझा आहे. माझ्याजवळ पडेल.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. न विचारता घेतलं तर त्याला चोरी म्हणतात, मग ती राउटरनं केली म्हणून काय झालं? ठरलं असं की प्रत्येकाचा वाटा त्याच्यापाशी कुलूपबंद राहील. ज्याला हवा असेल त्यानं मालकाकडे तोंडानं मागावा. अडाणीपणा, बाउरो मनात म्हणाला.

घरी येऊन त्यानं राउटरचं पान उघडलं. बावीसऐवजी पंचवीस वाटे केले. बावीस घरांची नावं लिहिली, उरलेल्या तीन वाट्यांपुढे ‘राखीव’ लिहिलं, आणि ते तिन्ही गुपचूप आपल्या फोनला जोडले. जहाजावर कप्तानाला थोडं जास्त असतंच. ही चोरी आहे असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. जबाबदारी आहे असं वाटलं. पुढच्या रविवारी मारावाचं आणि बाउरोचं सोडून बाकीच्या वीस घरांना लेकरांचे चेहरे जरा अडखळत का होईना, दिसले. बाउरोला नातीच्या पापण्या मोजता आल्या.

चुकलं एवढंच, की त्या वेळी कामोरिकी त्याच्या मागे नारळ सोलत बसला होता.

“तुझ्याकडे पोरगी पाण्यासारखी वाहतेय,” कामोरिकी म्हणाला. “माझ्याकडे भाऊ बोलतो आधी आणि तोंड हलतं मागाहून. हे कसं काय?”

“माझा फोन चांगला आहे.”

“असेल. बाउरो, मी बुबुसी करतो. तुझ्याकडे आहे त्यातला एक वाटा मला दे.”

बुबुसी म्हटलं की संपलं. नात्यातल्या माणसानं त्या शब्दानं होडी मागितली तरी द्यायची, अंगातला सदरा मागितला तरी काढायचा. नाही म्हणणारा जिवंत राहतो, पण लोक त्याच्या घराकडे बघत जातात. “माझ्याकडे जादा नाही” असं सांगायचं तर पान उघडून दाखवावं लागलं असतं. बाउरोनं एक राखीव वाटा दिला.

बुधवारी गायनवृंदाचा प्रमुख आला. नात्यानं मामेसासरा. दुसऱ्या बेटांचे गायनवृंद कसे गातात-नाचतात ते त्याला स्पर्धेआधी बघायचं होतं. “कामोरिकीला दिलास म्हणे. आम्ही तर देवाचं काम करतो.” दुसरा वाटा गेला. तिसरा बायकोच्या बहिणीनं नेला; तिला पत्त्यांचा खेळ खेळायचा होता आणि तसं सांगायची लाजही नव्हती. चौथा, म्हणजे बाउरोच्या घराचा हक्काचा वाटा, बायकोच्या भावानं मागितला. तेव्हा बायको, ताबेरा, समोर बसून मासे साफ करत होती. तिच्या भावाला नाही म्हणायचं तर आधी घर सोडायची तयारी हवी.

चोरीचा माल असा महिन्याभरात सगळ्या नात्यात रीतसर वाटला गेला. चोराच्या हाती तेवढं काही उरलं नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ताबेरानं विचारलं, “उद्या दिसेल ना नीट?”

बाउरोनं सगळं सांगितलं. राखीव तीनही सांगितले.

ताबेरानं सुरी पुसली. “म्हणजे गावाचं चोरलंस, ते सांभाळता आलं नाही, आणि वर आपलंही देऊन बसलास. जहाजावर हेच शिकवलं का?”

“मी परत घेऊ शकतो. पान उघडलं की दोन मिनिटांचं काम.”

“घे की. मग उद्या प्रार्थनेला माझ्या शेजारी बसू नकोस.”

त्यानं पान उघडलं. दिलेल्या वाट्यांकडे बघायचं धैर्य झालं नाही. यादीच्या तळाशी मारावाचं नाव होतं, आणि त्यापुढे महिन्याभराचं शून्य. न शिवलेला, भरलेला वाटा. ज्याला तो अडाणीपणा म्हणाला होता, त्या कुलपामुळेच तो शिल्लक होता. कळ दाबली असती तर कुणाला कळलंही नसतं. मारावाकडे फोनच नव्हता. बाउरोचं बोट कळीवर थांबलं. मग त्याला ती दात नसलेली हसताना दिसली, आणि त्यानं पान मिटलं.

रविवारी प्रार्थना सुटताच तो ताबेरासह मारावाच्या घरी गेला. ताबेरानं भाजलेला नीरफणस आणि खारवलेला मासा पुढे ठेवला. बाउरो केवड्याच्या चटईच्या अगदी काठावर बसला.

“आजी, मी बुबुसी करायला आलोय. तुमचा नेटचा वाटा. आजच्यापुरता.”

“पडून राहणारा तोच ना?”

“हो आजी.”

“इतके दिवस कुणी मागितला नाही. मला वाटलं, खराब झाला असेल.” तिनं नीरफणसाचा मऊ भाग काढून तोंडात टाकला. “घे. दिला.”

बाउरोनं भराभर आपला फोन तिच्या घराच्या नावाखाली टाकला. “आता हा तुमच्या घरचा झाला.”

“माझ्या घरचा?”

“म्हणजे यादीत.”

“बरं आठवण केलीस,” मारावा म्हणाली. “बाउरो, आता मी मागते. बुबुसी. तो फोन मला दे.”

बाउरोनं ताबेराकडे पाहिलं. ताबेरा माशाचे काटे काढण्यात फार गुंतली होती.

“बोलणं झाल्यावर देतो, आजी.”

“आत्ता.”

त्यानं दिला. कसा लावायचा तेही दाखवलं. पलीकडे रुइता उजळली आणि दचकली. “आजी? बाबा कुठे आहेत?”

“मागे आहे. बरा आहे. त्याचं राहू दे, पोरीला दाखव.”

नात दिसली, अख्खी. डोक्यावर फुलांची माळ, समोर केक, केकात कोपरापर्यंत हात. चित्र एकदाही थांबलं नाही. ताबेरा मारावाच्या शेजारी मांडी घालून बसली होती, तिला सगळं दिसत होतं. बाउरो दुखरा गुडघा टेकवून मागून वाकला होता. मारावा मान हलवील तसा तो इकडून तिकडे व्हायचा. मारावा मान फार हलवायची.

“हिला मी दिसतेय का?” तिनं विचारलं.

“दिसताय,” रुइता म्हणाली.

“मग रडत कशी नाही? धीराची आहे पोर.”

अर्ध्या तासात बाउरोला नातीचे दोन दात, डाव्या गालावरची खळी आणि मारावाचा उजवा कान दिसला. बोलणं संपल्यावर त्याचा हात आपोआप पुढे गेला. मारावानं फोन मांडीखाली घेतला आणि मासा पुढे ओढला.

रुइता आता आईबापांशी बोलायचं तर मारावालाच फोन लावते, आणि आईबापांशी बोलायचं नसलं तरी लावते. फोन सौरपाटीवर लावून द्यायला बाउरोला रोज सकाळी तिथे जावं लागतं. परवाच्या गुरुवारी तो तार जोडत असताना मारावा तंबाखू वळत म्हणाली, “काल चालली पोरगी. चार पावलं. मग बसली.”

“काल?” बाउरो म्हणाला. “मला बोलवायचं होतं, आजी.”

“तू मागितलं नव्हतंस,” मारावा म्हणाली.